आयएनएस मुंबई : माझगाव डॉकच्या प्रोजेक्ट १५ ची गोष्ट

सागरवेध

नमस्कार मंडळी. विशाखापट्टणम, मोरमुगाव, इंफाळ, सुरत ह्या नव्या डिस्ट्रॉयर आल्यापासून नौदलाचा विषय निघाला की त्यांचंच नाव निघतं, आणि ते बरोबरच आहे, पण त्या ज्या घराण्यातल्या आहेत त्या मूळ प्रोजेक्ट १५ बद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलंय म्हणून हा धागा काढतोय. प्रोजेक्ट १५ म्हणजे आयएनएस दिल्ली, आयएनएस म्हैसूर आणि आयएनएस मुंबई, तिन्ही आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. मी मुख्यतः मुंबईबद्दल लिहिणार आहे, पण तिघींचं डिझाइन एकच असल्यामुळे मधेमधे बाकीच्या दोघी येतीलच.

आधी मागचं थोडं. माझगाव डॉकने ७० च्या दशकात ब्रिटिश लिअँडर डिझाइनच्या फ्रिगेट बांधल्या, पहिली आयएनएस निलगिरी १९७२ ला कमिशन झाली, म्हणजे नौदलात रीतसर दाखल झाली. मग त्याच अनुभवावर आपल्या नौदलाच्या डिझाइन विभागाने गोदावरी आखली, १९८३ ला ती ताफ्यात आली. गोदावरीत पहिल्यांदा एक धाडस केलं होतं, सोव्हिएत क्षेपणास्त्रं, इटालियन कॉम्प्युटर आणि आपला भारत इलेक्ट्रॉनिक्सचा सोनार (आवाजावरून पाण्याखालचं शोधणारं यंत्र) हे सगळं एकाच बोटीत बसवून एकमेकांशी बोलायला लावायचं. हे जमलं. डिस्ट्रॉयर मात्र तेव्हाही आपण तयारच आणत होतो, राजपूत वर्गाच्या पाच बोटी सोव्हिएत युनियनमधून घेतल्या, त्यातली राजपूत १९८० ला कमिशन झाली.

प्रोजेक्ट १५ सुरुवातीला गोदावरीचीच पुढची, थोडी सुधारलेली आवृत्ती व्हायची होती. पण ८० च्या दशकात सोव्हिएत युनियनने नव्या पिढीची क्षेपणास्त्रं आणि गॅस टर्बाइन देऊ केली आणि तो सगळा संसार गोदावरीच्या १२६ मीटरच्या हलमध्ये, म्हणजे बोटीच्या मुख्य धडात, मावणं शक्यच नव्हतं. मग कागदावरची बोट वाढत वाढत १६३ मीटर लांब, १७ मीटर रुंद आणि सहा हजार सातशे टनांच्या आसपास गेली. फ्रिगेट म्हणून सुरू झालेलं काम डिस्ट्रॉयर होऊन बाहेर आलं. सोव्हिएत बाजूने सेव्हर्नोये डिझाइन ब्युरोची मदत होती, पण बोट आपल्या नौदलाच्या डिझाइन विभागाची.

दिल्लीची कील, म्हणजे बोटीचा तळाचा कणा, नोव्हेंबर १९८७ ला पडली आणि ती कमिशन झाली १५ नोव्हेंबर १९९७ ला. दहा वर्षं. म्हैसूर जून १९९९ ला आली. मुंबईची कील १२ डिसेंबर १९९२ ला, जलावतरण २० मार्च १९९५ ला आणि कमिशन २२ जानेवारी २००१ ला. तारीख परत वाचा, १२ डिसेंबर १९९२. शहरात दंगलीची पहिली लाट त्याच आठवड्यातली आणि त्या शहराचं नाव पुढे जिने चालवलं तिची कील तेव्हा माझगावात पडत होती. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो.

शस्त्रांबद्दल आणि कामगिरीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, खूप लांबलं.

---

गिरणगाव७२

वाचतोय. वडील डॉकमध्ये फॅब्रिकेशनला होते, दिल्लीच्या हलवर काम केलंय त्यांनी. ते सांगतात की लिअँडरच्या वेळी ड्रॉइंग बाहेरून यायची, त्याबरहुकूम काम करायचं, शंका आली तर उत्तर त्याच ड्रॉइंगमध्ये असायचं. दिल्लीच्या वेळी मशिनरी आणि हत्यारांची शेवटची मापं यायच्या आधी हल उभा राहिलेला आणि मग एकेक गोष्ट येईल तशी तोडून जोडून बसवावी लागायची, केबल ट्रे काढा परत लावा, फाउंडेशन कापा परत वेल्ड करा. दहा वर्षं का लागली विचारणाऱ्याला ते एवढंच सांगतात की पाच वर्षं बांधायला लागली आणि पाच वाट बघायला.

---

अनिकेत_ठाणे

धागा चांगला आहे पण थोडं स्पष्ट बोलतो, राग नसावा. प्रोजेक्ट १५ म्हणजे खिचडी होती. रशियन मिसाइल, डच रडार, युक्रेनचं इंजिन, ब्रिटिश हेलिकॉप्टर. आणि २००१ मध्ये कमिशन केलेल्या बोटीवर एकहाती लॉन्चर? तेव्हा अमेरिकेच्या आर्ली बर्क डिस्ट्रॉयर व्हर्टिकल लॉन्च (डेकमधल्या उभ्या नळ्यांतून क्षेपणास्त्र थेट वर सोडायची सोय) घेऊन दहा वर्षं फिरत होत्या. आपण जुनं डिझाइन उशिरा पूर्ण केलं आणि त्याचा अभिमान बाळगतोय असं मला वाटतं.

---

सुलभा_रत्नागिरी

मला ह्यातलं काही कळत नाही पण वाचायला आवडतंय. एक विचारू का, फ्रिगेट आणि डिस्ट्रॉयर ह्यात नक्की फरक काय? आणि एकहाती लॉन्चर म्हणजे काय हो? आमच्या रत्नागिरीला कोस्ट गार्डच्या बोटी दिसतात तेवढीच ओळख.

---

सागरवेध

सुलभाताई, छान प्रश्न. ढोबळ मानाने फ्रिगेट लहान आणि डिस्ट्रॉयर मोठी, पण खरा फरक कामाचा. डिस्ट्रॉयर स्वतःचंच नाही तर आजूबाजूच्या बोटींचंही विमानांपासून रक्षण करेल, पाणबुडी शोधेल, शत्रूच्या बोटीवर मारा करेल आणि गरज पडली तर ताफ्याच्या अॅडमिरलला बसून सूत्रं हलवता येतील एवढी जागा आणि दळणवळण तिच्यात असेल, अशी अपेक्षा असते. हल्ली ही सीमारेषा देशागणिक बदलते, काही देशांच्या फ्रिगेट ह्या मुंबईएवढ्याच मोठ्या आहेत.

आता लॉन्चर, आणि इथेच अनिकेतच्या मुद्द्यालाही उत्तर देतो. मुंबईवर विमानविरोधी क्षेपणास्त्र होतं श्तिल. त्याचे दोन लॉन्चर, एक पुढे तोफेच्या मागे आणि एक मागे हँगरच्या वर. प्रत्येकाच्या खाली डेकच्या आत २४ क्षेपणास्त्रांचं गोल मॅगझिन. लॉन्चरला एकच दांडा, तो सरळ उभा राहतो, खालून एक क्षेपणास्त्र वर सरकून त्याला लागतं, दांडा झुकून लक्ष्याकडे वळतो, डागतो, परत उभा राहतो. दर फेरीला साधारण बारा सेकंद. आणि हे क्षेपणास्त्र स्वतः रडार लावून लक्ष्य शोधत नाही, बोटीवरच्या इल्युमिनेटरने लक्ष्यावर किरण धरून ठेवायचा आणि त्याच्या परावर्तनावर क्षेपणास्त्र जातं. असे सहा इल्युमिनेटर होते. म्हणजे एकाच वेळी किती विमानं अंगावर घेता येतील ह्याला तिथेच मर्यादा पडली.

तर अनिकेत, व्हर्टिकल लॉन्चपुढे हे मागे होतं ह्यात वाद नाही. पण तुम्ही ज्याला खिचडी म्हणताय तेच माझ्या मते ह्या बोटीचं सगळ्यात मोठं काम आहे. कोणत्याही देशाने आपल्याला संपूर्ण, एकसंध अशी अत्याधुनिक प्रणाली विकली नसती. मिळालं ते तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या देशांकडून, वेगवेगळ्या व्होल्टेजचं, वेगवेगळ्या डेटा फॉरमॅटचं, वेगवेगळ्या भाषेतल्या मॅन्युअलचं. लांब पल्ल्याचं हवाई टेहळणी रडार मूळ डच पण भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेलं, त्याच्या जोडीला रशियन फ्रेगात, दोन्हींचा माग एकत्र करून रशियन क्षेपणास्त्राला लक्ष्य द्यायचं. ज्याने रडार विकलं त्याला क्षेपणास्त्राचं काही माहीत नाही आणि ज्याने क्षेपणास्त्र विकलं तो रडारबद्दल बोलायला तयार नाही, मधलं सगळं आपल्या लोकांनी केलं. हे ज्याला जमतं त्याला पुढची बोट स्वतःच्या मनासारखी करता येते, आणि पुढे तसंच घडलं.

बाकी शस्त्रं थोडक्यात. बोट जिथून चालवतात त्या ब्रिजच्या दोन्ही बाजूंना मिळून १६ उरान जहाजविरोधी क्षेपणास्त्रं, पल्ला १३० किलोमीटर, पाण्याला लागून उडणारी. पुढे १०० मिमी तोफ. ५३३ मिमीच्या पाच टॉर्पेडो नळ्या, पाणबुडीविरोधी रॉकेट लॉन्चर, जवळच्या धोक्यासाठी ३० मिमीच्या झपाट्याने फैरी झाडणाऱ्या तोफा आणि पुढे त्यातल्या काहींच्या जागी इस्रायली बराक क्षेपणास्त्रं. पण पाणबुडीसाठी सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे दोन सी किंग हेलिकॉप्टर. सी किंग पाण्याच्या वर हवेत स्थिर राहून सोनार खाली सोडतं, ऐकतं, उचलतं, पुढे जाऊन परत सोडतं. त्या आकाराची दोन हेलिकॉप्टर आत घ्यायची म्हणून मागचा अख्खा भाग त्यांना दिलाय.

---

जुना_नाविक

इतके दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. मी लिअँडरवर काढली सर्व्हिसची बरीच वर्षं, स्टोकर म्हणून. आमची बोट स्टीमवर. बाहेर पडायचं असेल तर बॉयलर तासन्‌तास आधी फ्लॅश-अप करावे लागायचे, स्टीम हळूहळू वाढवायची, घाई केली की काहीतरी फुटणार. उन्हाळ्यात बॉयलर रूममध्ये उभं राहणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. दिल्ली आली तेव्हा आम्ही बघायला गेलो होतो, इंजिन कंट्रोल रूम थंडगार, समोर पॅनल आणि गॅस टर्बाइन काही मिनिटांत तयार. बंदरात उभी असलेली बोट हुकूम आल्यावर किती वेळात समुद्रात असेल ह्या एका गोष्टीवर लढाईत फार काही अवलंबून असतं, त्यामुळे लॉन्चर एकहाती की दोनहाती ह्यापेक्षा मला तेव्हा ह्या गोष्टीने जास्त भारावून टाकलं. अर्थात राजपूतवाल्यांना गॅस टर्बाइनची सवय होतीच, त्यांच्या ओव्हरहॉलसाठी विशाखापट्टणमला आयएनएस एक्सिला उभं केलेलं. तिथल्या लोकांचं नाव कुठे येत नाही पण त्यांच्याशिवाय ह्या बोटी चालल्या नसत्या.

आणखी एक, नावांबद्दल. दिल्ली आणि म्हैसूर ही दोन्ही नावं जुन्या क्रूझरची. जुनी दिल्ली म्हणजे न्यूझीलंडची अकिलीस, १९३९ ला रिव्हर प्लेटच्या लढाईत होती ती. जुनी म्हैसूर १९७१ ला पश्चिम ताफ्याची फ्लॅगशिप. आमच्या वेळचे सिनियर ह्या दोन बोटींबद्दल फार आदराने बोलायचे. ती नावं मुंबईत बांधलेल्या बोटींना मिळाली तेव्हा त्यांच्यातल्या काहींच्या डोळ्यात पाणी होतं.

---

गिरणगाव७२

जुना_नाविक काका, नमस्कार. वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, इंजिनची जोडणी चालू असताना सोव्हिएत युनियन मोडला ते पण लिहायला सांग.

---

सागरवेध

हो, ते राहूनच गेलं आणि ते फार महत्त्वाचं आहे. १९९१ च्या शेवटी सोव्हिएत युनियन संपला तेव्हा दिल्ली पाण्यात होती, म्हैसूर गोदीत होती आणि मुंबईची कील अजून पडायची होती. एका देशाशी केलेले करार एका रात्रीत अनेक देशांत विखुरले. गॅस टर्बाइन बनत होती मिकोलाइवला, तो भाग युक्रेनमध्ये गेला. क्षेपणास्त्रं आणि रडारचे कारखाने रशियात. तिथे पगार होत नव्हते, सुट्या भागांचे पुरवठादार बंद पडत होते, पैसे कुठल्या चलनात कोणाला द्यायचे इथपासून प्रश्न. इकडे आपल्याकडे १९९१ चं परकीय चलनाचं संकट. दोन्ही टोकांना एकदम दुष्काळ. मला वाटतं ह्या परिस्थितीत प्रकल्प गुंडाळला नाही आणि तिन्ही बोटी पूर्ण केल्या ह्याचं श्रेय नौदल आणि गोदी दोघांना द्यायलाच हवं.

आता कामगिरी. जुलै २००६. मुंबई, ब्रह्मपुत्र, बेतवा आणि टँकर शक्ती ह्या चार बोटी भूमध्य समुद्रातला दौरा आटपून घरी निघाल्या होत्या. तेवढ्यात लेबनॉनमध्ये युद्ध पेटलं आणि त्यांना परत फिरायचा हुकूम आला, ऑपरेशन सुकून. बैरुतमधून माणसं उचलायची आणि सायप्रसच्या लार्नाकाला सोडायची, तिथून विमानाने भारत. बैरुतला इस्रायलची नाकेबंदी, विमानतळावर बॉम्बहल्ले. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, १४ जुलैला ह्याच किनाऱ्याजवळ इस्रायलच्या हानित ह्या युद्धनौकेला किनाऱ्यावरून सोडलेलं क्षेपणास्त्र लागलं होतं आणि चार खलाशी गेले होते. त्या बोटीवर बराक होतं पण चालू नव्हतं. त्यानंतर आठवड्याभरात मुंबई बैरुत बंदरात शिरली. हल्ला अंगावर आला तर तोंड द्यायची तयारी ठेवून मागे हेलिकॉप्टर डेकवर, हँगरमध्ये, मेसमध्ये बायकापोरांना जागा करून द्यायची. चारही बोटींनी मिळून सव्वादोन हजारांच्या वर लोक बाहेर काढले, त्यात श्रीलंका आणि नेपाळचेही होते.

---

अनिकेत_ठाणे

हानितचा संदर्भ माहीत होता पण मुंबई तिथेच लगेच गेली होती हे जोडून कधी पाहिलं नव्हतं. इथे मात्र माझा मुद्दा उलट मजबूत होतो ना? ज्या बोटीला अशा ठिकाणी पाठवायचं तिचा बचाव त्या काळातला सर्वोत्तम असायला नको का? एकहाती लॉन्चर घेऊन क्षेपणास्त्राच्या छायेत शिरणं ही खलाशांच्या हिमतीची गोष्ट आहे, डिझाइनची नाही.

---

जुना_नाविक

अनिकेत बाळा, मुद्दा चुकीचा नाही तुझा. पण हानितकडे चांगलं क्षेपणास्त्र होतं, ते चालू नव्हतं. समुद्रावर बचाव म्हणजे आधी जागं असणं. कोण वॉचवर आहे, काय चालू आहे, काय बंद आहे, कुठलं दार बंद आहे, आग लागली तर होज कोण धरणार, हे रोज रोज घोकलेलं असतं तेव्हा बोट वाचते. चांगलं हत्यार मिळालं तर कोणाला नकोय, मागत तर आम्ही कायमच होतो.

---

मस्कतकर

सुकूनबद्दल वाचून राहवलं नाही. २०१५ च्या येमेनच्या ऑपरेशन राहतमध्येही हीच मुंबई होती. आखातात राहणाऱ्या आम्हा लोकांना ते दिवस नीट आठवतात, एडनला ओळखीचे बरेच होते, नर्सेस होत्या, तेल कंपन्यांत काम करणारे होते, फोन लागायचे नाहीत. आधी सुमित्रा ही गस्तीनौका गेली, मग मुंबई आणि तर्कश. ४ एप्रिलला मुंबई एडनच्या बाहेर पोचली पण गोळीबारामुळे धक्क्याला लागताच येईना. मग लहान बोटींनी किनाऱ्यावरून माणसं आणून एकेकाला वर चढवलं. ४४१ लोक, आणि त्यातले निम्म्याहून जास्त परदेशी होते. जिबुतीला उतरवलं. आमच्या ओळखीचा एकजण त्यात होता, तो अजूनही सांगतो की लहान बोटीतून जाताना मागे स्फोटांचे आवाज येत होते आणि समोर ती राखाडी भिंत वाढत चाललेली, वरून खलाशी हात पुढे करून बसलेले, आधी मुलं द्या म्हणत होते. संपूर्ण ऑपरेशनमध्ये हवाई आणि समुद्री मार्गाने मिळून ४६४० भारतीय आणि ९६० परदेशी नागरिक, ४१ देशांचे, बाहेर काढले.

---

सुलभा_रत्नागिरी

मस्कतकर, वाचून अंगावर काटा आला. आधी मुलं द्या.

---

सागरवेध

मस्कतकर, धन्यवाद, हे मी इतकं चांगलं लिहू शकलो नसतो.

यादीत अजून एक, एप्रिल २०१७. मुंबई आणि तर्कश भूमध्य समुद्राकडे निघालेल्या असताना एडनच्या आखातात ओएस ३५ नावाच्या मालवाहू जहाजावर सोमाली चाचे चढल्याची हाक आली. जहाजावरचे लोक आत सुरक्षित खोलीत कोंडून घेऊन बसलेले. तिथे चिनी नौदलाची बोटही पोचली. चिनी पथक जहाजावर चढलं आणि वरून हेलिकॉप्टरचं संरक्षण आपलं. भारत आणि चीनच्या नौदलांनी एकत्र असं काम करावं हे आज वाचताना वेगळं वाटतं, पण समुद्रावर हाक आली की सगळ्यात जवळचा जातो. बहीण म्हैसूरने तर डिसेंबर २००८ मध्ये त्याच भागात २३ चाचे पकडले होते, आणि २००४ च्या त्सुनामीनंतर मालदीवला मदत घेऊन गेलेल्या बोटींत ती होती.

अनिकेत, तुमच्या डिझाइनच्या मुद्द्याकडे परत येतो कारण तो मला टाळायचा नाही. मुंबईनंतर माझगाव डॉकने प्रोजेक्ट १५अ घेतला, कोलकाता, कोची, चेन्नई. लांबी तीच १६३ मीटर, हलची मूळ आखणी दिल्लीवरून आलेली. पण वरचं सगळं पालटलं, व्हर्टिकल लॉन्चमध्ये ३२ बराक-८ आणि १६ ब्राह्मोस, फिरणाऱ्या रडारऐवजी चार बाजूंना चार स्थिर पॅनल. एकहाती लॉन्चरची जी मर्यादा तुम्ही सांगितली तीच नेमकी काढून टाकली. कोलकाताला अकरा वर्षं लागली हे मान्य, सप्टेंबर २००३ ला कील आणि ऑगस्ट २०१४ ला कमिशन. पण नंतर सुरत बघा, कील नोव्हेंबर २०१९, कमिशन जानेवारी २०२५. साधारण पाच वर्षं. त्याच गोदीत, त्याच घराण्याच्या हलवर. दहा वर्षांवरून पाचवर यायला मधली तीस वर्षं लागली आणि त्या तीस वर्षांची सुरुवात दिल्ली, म्हैसूर, मुंबईपासून आहे. गिरणगाव७२ च्या वडिलांनी फाउंडेशन कापून परत वेल्ड केली ती मेहनत ह्या आकड्यात आहे.

---

अनिकेत_ठाणे

हे पटलं. हलची वंशावळ अशी सलग पाहिली नव्हती. खिचडी शब्द मागे घेतो, लॉन्चरबद्दलचं मत कायम :)

---

कुलाबा_पॉइंट

आता कुठे असते ती? आधी नेव्हल डॉकयार्डजवळून फेरीने जाताना तिचा डी६२ आकडा दिसायचा, हल्ली दिसली नाही.

---

सागरवेध

मिडलाइफ अपग्रेड झाल्यावर डिसेंबर २०२३ पासून ती पूर्व ताफ्यात, विशाखापट्टणमला असते. बावीस वर्षं ज्या शहराचं नाव घेऊन त्याच शहरात राहिली ते सोडून गेली. ऑगस्ट २०२४ ला कोलंबोला जाऊन आली, श्रीलंकेला डॉर्नियर विमानाचे सुटे भाग दिले. जानेवारी २०२५ ला इंडोनेशियाकडे झालेल्या ला पेरूज ह्या बहुराष्ट्रीय सरावातही होती. अपग्रेडबद्दल म्हणाल तर दिल्लीवर उरानच्या जागी ब्राह्मोस बसवलं आणि एप्रिल २०२२ ला तिने ते नव्या लॉन्चरमधून यशस्वी डागलं. १३० किलोमीटरवाल्या, आवाजाच्या वेगाखालच्या क्षेपणास्त्राच्या जागी आवाजाच्या जवळपास तिप्पट वेगाचं. १९८७ ला कील पडलेल्या बोटीवर हे बसतं, हे मूळ आखणी करणाऱ्यांनी वजनाला आणि जागेला मोकळीक ठेवली होती म्हणून.

---

जुना_नाविक

सी किंगचंही लिही कधीतरी. त्यांच्या जागी आता अमेरिकन सीहॉक येतायत, कोचीला त्यांची स्क्वाड्रन मार्च २०२४ ला उभी राहिली. पण कुलाब्याच्या शिक्रा ह्या नौदलाच्या हवाई तळावरून उडणाऱ्या सी किंगच्या पायलटांनी जे केलंय त्याला तोड नाही.

---

मस्कतकर

आणि कोचीबद्दल, म्हणजे बोट कोची. तौक्ते वादळात मे २०२१ ला पी३०५ बार्ज बुडाली तेव्हा २६१ लोकांपैकी १८६ जणांना नौदलाने जिवंत बाहेर काढलं, त्यात कोची पुढे होती. आमच्याकडचे ऑफशोअरवाले अजून त्या रात्रीबद्दल बोलतात.

---

सागरवेध

दोन्ही विषय मोठे आहेत, १५अ वर वेगळा धागा काढतो. त्यात पी३०५ आणि मार्च २०२४ चं कोलकाताचं रुएन जहाजावरचं ऑपरेशन दोन्ही घेतो, तेव्हा ३५ चाचे पकडून मुंबईला आणले होते. जुना_नाविक काका, सी किंगचा धागा मात्र तुम्हीच काढा, आम्ही प्रश्न विचारतो.

---

गिरणगाव७२

काका, नक्की काढा. वडील विचारतायत, तुमची लिअँडर कुठली, निलगिरी की हिमगिरी? हिमगिरीवर त्यांनी रिफिटला काम केलंय.